प्राध्यापक ‘ब’ यांचा वर्ग

सेमिस्टर संपत आलं की महाविद्यालयांत अभिप्रायाचे फॉर्म फिरू लागतात. पूर्वी ते कागदावर असत, आता मोबाईलवर लिंक येते. शिक्षक तासाची तयारी करून येतात का, समजावून सांगतात का, अभ्यासक्रम पूर्ण करतात का, मूल्यमापन निःपक्षपातीपणे करतात का. प्रत्येक प्रश्नापुढे एक आकडा निवडायचा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या निकषांत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला वजन असल्यामुळे हे फॉर्म भरून घेण्याची धावपळही मोठी असते.

मुलं खरं काय बोलतात ते ऐकायचं असेल तर मात्र प्रयोगशाळेबाहेर, जर्नलवर सही घ्यायला उभ्या असलेल्या रांगेत थांबावं. ‘सर भारी शिकवतात, पण पेपर फार कडक तपासतात.’ ‘मॅडमचा तास रटाळ होतो, पण नोट्स एक नंबर.’ ‘डेरिव्हेशन फळ्यावर उतरवून देतात, न्यूमरिकल आमच्यावर सोडतात.’ ‘इंटर्नल त्यांच्याकडे असलं की टेन्शन नाही.’ मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवलं. ही वाक्यं मी कधीच हसण्यावारी नेली नाहीत. शिक्षकाविषयी त्यांत पुष्कळ खरं असतं. पण त्या तासाला मूल किती शिकलं, याचं उत्तर त्यांत नसतं. आणि आपण फॉर्मवरचा आकडा नेमका त्याचंच उत्तर म्हणून वाचतो.

हे माझं नुसतं मत नाही. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात या गोष्टीचा जितका कसून शोध घेतला गेला आहे तितका फार थोड्या विषयांत घेतला गेला असेल. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गती आणि बल यांविषयीची एक चाचणी अभ्यासक्रमाआधी आणि नंतर अशी दोनदा दिली. त्यांचे लेख १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वर्गांना शिकवणारे प्राध्यापक चार होते आणि चौघांची तऱ्हा चार प्रकारची. ‘अ’ हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. व्याख्या काटेकोर, युक्तिवाद एकातून एक उलगडत जाणारे. ‘ब’ वर्गात प्रात्यक्षिकं करून दाखवत, त्यांच्या तयारीसाठी राबत, मुलांना विषयाची आतून जाण यावी म्हणून धडपडत. ‘क’ एकामागून एक उदाहरणं सोडवून दाखवत. ‘ड’ प्रयोगशाळेतले संशोधक, हा विषय पहिल्यांदाच शिकवत होते, म्हणून पुस्तकाला धरून चालले. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात चौघेही चांगले शिक्षक ठरलेले होते. ‘ब’ यांना तर उत्कृष्ट अध्यापनाचा पुरस्कार दोनदा मिळाला होता.

चौघांच्या वर्गांची प्रगती जवळजवळ सारखी निघाली. आणि ती चौघांकडेही तुटपुंजी होती.

मला या निष्कर्षात सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते प्राध्यापक ‘ब’. कारण मी विद्यार्थिनी असते तर त्यांच्याच वर्गात बसायला धडपडले असते आणि फॉर्मवर त्यांना सर्वांत वरचा आकडा दिला असता. तो आकडा खोटा ठरला नसता. ते मनापासून शिकवत होते आणि मुलांना त्यांचा तास मनापासून आवडत होता. तरीही बलाविषयीची मुलांची घरून आणलेली समजूत त्या तासांनी फारशी हलली नाही.

ही समजूत किती चिवट असते ते एका प्रश्नावरून दिसतं. हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात एक अवजड ट्रक आणि एक छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर होते. कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीसुद्धा ‘ट्रक’ असं उत्तर देतो. दोन्ही बलं सारखीच असतात. मोटारीला जास्त धक्का बसतो तो तिचं वस्तुमान कमी, म्हणून त्वरण जास्त होतं यामुळे. आपल्याकडे बी.एस्सी.च्या मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा. नियम लिहायला सांगितला तर दोन गुण पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही इथे अडखळतात.

हार्वर्डमध्ये शिकवणारे एरिक माझूर यांनी हलून आणि हेस्टेनिस यांचं लेखन १९९० च्या सुमारास वाचलं आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांची मुलं परीक्षेत अवघड गणितं सोडवत होती, अभिप्रायात त्यांचं कौतुक करत होती. त्यांनी त्या लेखनातलीच चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मला वाटतं त्याप्रमाणे? शिक्षकाच्या शिकवण्यावर इतका नेमका अभिप्राय मी दुसरा ऐकलेला नाही, आणि तो कोणत्याही फॉर्मवर आला नव्हता. चाचणीचा निकाल पाहून माझूर यांनी व्याख्यानाची पद्धतच बदलली. थोडं बोलायचं, एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर द्यायचं. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. जेवढं शिकणं शक्य होतं त्याच्या सरासरी २३ टक्के प्रगती नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत झाली होती, आणि मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

मग अशा वर्गांना मुलांनी डोक्यावर घेतलं असेल, असं कोणालाही वाटेल. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१९ चा आहे. भौतिकशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमातल्या मुलांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला अनुभवी शिक्षकाने घोटून तयार केलेलं, ओघवतं व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाने तोच मजकूर, तीच उदाहरणं आपापसांत झटापट करून सोडवली. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत झटापट करणारा गट पुढे गेला. ‘मी खूप शिकलो’ असं मात्र व्याख्यान ऐकणाऱ्या गटाने जास्त ठामपणे सांगितलं, आणि सगळे तास असेच व्हावेत ही इच्छाही त्यांचीच जास्त होती.

याचं कारण समजण्यासारखं आहे. उत्तम वक्ता बोलत असतो तेव्हा प्रत्येक पायरी सोपी वाटते, अडखळायला कुठे जागाच नसते. स्वतः सोडवायला बसलं की पदोपदी ठेच लागते, आणि ठेच लागली की आपल्याला काही येत नाही असं वाटतं. त्याच वेळी समज घडत असते, पण ती आतून जाणवत नाही. या अभ्यासात मला सर्वांत आशादायक वाटली ती पुढची गोष्ट: सेमिस्टरच्या सुरुवातीलाच शिक्षकाने हे सगळं मुलांना मोकळेपणाने सांगितलं, तर मुलांचं या पद्धतीविषयीचं मत बदलतं. मुलं हटवादी नसतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

हे सगळं वाचून ‘पोरांना काय कळतंय’ असा अर्थ काढणारे सहकारी मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी मी दर वेळी भांडले आहे. वर्गाचं दार लागल्यावर आत काय घडतं याला साक्षीदार फक्त विद्यार्थी असतात. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का, फळ्यावरचं दिसतं का, शंका विचारली तर उत्तर मिळतं की टोमणा, मुलींना प्रॅक्टिकलला हात लावू दिला जातो की रीडिंग लिहायला बसवलं जातं, इंटर्नलचे गुण ट्यूशन लावलेल्यांना वेगळे पडतात का, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? त्यांची साक्ष नाही घेतली तर सर्वांत मोठा शिक्षकही अंधारात राहतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या मुलांना दिलेली व्याख्यानं जगभर पुस्तकरूपाने वाचली जातात. एका मोठ्या सभागृहात आठवड्यातून दोनदा १८० विद्यार्थी बसत. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत फाइनमन स्वतःच म्हणतात की व्याख्यानं मुलांपर्यंत कितपत पोचत आहेत हे कळण्याची काही सोय नव्हती, आणि परीक्षेतली उत्तरं पाहता बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपलं फारसं साधलं नाही असं त्यांना वाटलं. फाइनमन यांना जी उणीव जाणवली ती आपल्याला जाणवू नये, हे काही बरोबर नाही.

आता गुणांविषयी. गुण कमी पडले म्हणून मुलं शिक्षकावर राग काढतात, असं आपण सहज बोलून जातो. मुलांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं तर तक्रार बहुधा वेगळी निघते: गुण कुठे गेले ते कळलं नाही. भौतिकशास्त्रात हे फार घडतं. पाच गुणांचं न्यूमरिकल असतं. मुलीने आकृती बरोबर काढली, बलं बरोबर दाखवली, समीकरण बरोबर मांडलं आणि दुसऱ्या ओळीत उणे चिन्ह विसरली. एक परीक्षक चार देतो, कारण भौतिकशास्त्र सगळं बरोबर आहे. दुसरा शून्य देतो, कारण उत्तर चुकलं. दोघांकडेही बाजू मांडण्यासारखं काही असेल, पण आपल्याला कोणत्या नियमाने तपासलं जाणार आहे हे मुलीला परीक्षेआधी माहीत असायलाच हवं. हा हक्काचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कक्षेत येते आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते, असा निर्णय दिला. विद्यापीठाच्या पेपरची फोटोकॉपी पैसे भरून मिळते. महाविद्यालयातल्या इंटर्नलचा पेपर मात्र कित्येक ठिकाणी मुलांच्या हातात परत येतच नाही, नुसते आकडे फलकावर लागतात. मला याचा मनस्वी राग येतो. ज्या चुकीतून शिकायचं ती चूकच मुलापासून लपवून ठेवली जाते.

मतं ऐकून त्यांचं काय करायचं, हा शेवटी प्रशासनाचा प्रश्न असतो, आणि तिथे फार वाईट गोष्टी घडतात. न्यूयॉर्क विद्यापीठात २०२२ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सुमारे ३५० विद्यार्थ्यांपैकी ८२ जणांनी मेटलंड जोन्स या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या अभ्यासक्रमाविरुद्ध निवेदन दिलं. गुण कमी, मदत कमी, बोलण्यात तुसडेपणा, अशा तक्रारी होत्या. त्यांना काढा, असं मुलांनी कुठेही म्हटलं नव्हतं. विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. म्हणजे मुलांनी मागितलेलं ऐकून घेणं राहिलं बाजूला आणि त्यांच्या सह्या शिक्षकावर चालवल्या गेल्या. याच्या उलट टोकाला ओटावा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस रँकूर. गुणांच्या भीतीने शिकणं मरतं, अशा विचाराने त्यांनी सगळ्या वर्गाला ए प्लस दिली आणि २००९ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली. भीतीविषयी ते बोलले ते मला पटतं. पण सगळ्यांना सारखेच गुण म्हणजे कोणाचाच पेपर वाचला नाही असं होतं, आणि रात्र जागून लिहिलेलं उत्तर कोणीतरी नीट वाचावं ही विद्यार्थ्याची अपेक्षा अगदी रास्त आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की विद्यार्थ्यांचं मत जरूर विचारा, पण त्यांना ठाऊक असेल तेच विचारा आणि वेळेवर विचारा. सेमिस्टर संपल्यावर भरलेला फॉर्म भरणाऱ्याच्या काही उपयोगाचा नसतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कोऱ्या कागदावर, नाव न घालता, काय कळतंय आणि कुठे अडतंय एवढं लिहून घ्यावं, आणि पुढच्या तासाला शिक्षकाने त्यावर वर्गात बोलावं. याला नॅकही लागत नाही आणि इंटरनेटही. मुलं किती शिकली हे पाहायचं तर हलून आणि हेस्टेनिस यांच्यासारखी आधी आणि नंतर चाचणी घ्यावी. तशी चाचणी मराठीत करून घेणं आपल्या विद्यापीठांना मुळीच अवघड नाही. आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला विचारावं. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी, विद्यार्थी जिथे प्राध्यापक स्वतः निवडत नाहीत अशा वर्गांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. कॅल्क्युलसच्या पहिल्या अभ्यासक्रमात ज्यांना चांगले अभिप्राय मिळाले होते त्यांच्यापेक्षा, न मिळालेल्या अनुभवी शिक्षकांची मुलं पुढच्या अभ्यासक्रमांत सरस ठरली होती. दुसऱ्या वर्षाचं मेकॅनिक्स कोणी पक्कं करून घेतलं, हे तिसऱ्या वर्षाला क्वांटम शिकवणाऱ्याला पहिल्या पंधरवड्यातच कळतं. त्याला कोणताही फॉर्म येत नाही.

फॉर्ममध्ये मला फक्त एक प्रश्न वाढवून हवा आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यात नको, हो किंवा नाही एवढंच हवं: या सेमिस्टरला तपासलेली उत्तरपत्रिका तुमच्या हातात देऊन तुमची चूक तुम्हाला समजावून सांगितली का?