जनाबाईंचा दाखला देणाऱ्यांना

"जनाबाई काय शाळेत गेली होती, मॅडम? दळता दळताच मोठी झाली ना?" हिंगोली जिल्ह्यातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असताना पालकसभेत हा प्रश्न मी कितीदा ऐकला. जनाबाई ज्यांच्या घरी राबली त्या संत नामदेवांचं नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे दाखला सगळ्यांच्या ओठावर. म्हणणं असं, की जिला शिकायचं ती घरचं-रानातलं करूनही शिकते. मागे पडली तर तिलाच गोडी नाही.

दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागला, गोवऱ्या वेचू लागला, हेही आपणच श्रद्धेनं सांगतो. ते ओझं एकटीनं पेलण्यासारखं नव्हतं, हे परंपरेनंच कबूल केलंय. आमच्या आठवीतल्या पोरीच्या कामाला कोण हात लावतं?

आमच्याकडे हळदीची काढणी आणि दहावीची परीक्षा एकदमच येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये. कंद वेचायचे, कुकरला शिजवायचे, वाळत घालायचे. दिवसभर वाकून आलेली मुलगी रात्री भूमिती काय वाचणार? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या पिकात दहावीच्या मुलींचे किती दिवस जातात, ते आमच्या हजेरीपटाला ठाऊक. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या घरात धाकट्याला सांभाळायला बहीणच जाते. यात गोडीचा प्रश्न येतो कुठे?

शिक्षकांचा आक्षेप वेगळा: अशा मुलींना सूट दिली की शिस्त बिघडते. सुरुवातीला मीही तेच मानायची. गृहपाठ न आणणारीला उभं करायची. एकदा अशाच उभ्या मुलीची बोटं पाहिली, पिवळीधमक. त्या वर्षी गृहपाठ बंद केला. शेवटच्या दोन तासिका शाळेतच अभ्यासाला दिल्या. फळ्यावरचं उतरवून घेण्यात जाणारा वेळ कमी केला, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाला. शिस्त बिघडली नाही. कोऱ्या राहणाऱ्या वह्या भरू लागल्या.

अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटी मोफत आहे, ते चांगलंच. पण बस मुलीला शाळेत आणते, वेळ देत नाही. २००४ साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांचं मोल मला म्हणून मोठं वाटतं: निवासी शाळेत मुलीची संध्याकाळ तिच्या हाती राहते. मुलींच्या शाळेचं नेतृत्व म्हणजे फाटकावरची राखण, असं समजणाऱ्यांनी हे पाहावं. मुलीसाठी वेळ मिळवून आणणं, हे मुख्याध्यापिकेचं पहिलं काम.

दहावीला अडखळलेल्या मुलीला घरात दुसरी संधी क्वचित मिळते. स्थळं मात्र लगेच येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं.

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो, पालकसभा जानेवारीतच घ्या. हळदीच्या रानात एक मजूर जास्त लावा, पण दहावीची मुलगी परीक्षेपर्यंत आमच्याकडे राहू द्या, हे बापाला समोर बसवून सांगा.