मैदान विद्यापीठांचे, कारभार कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये जर्मनीतील ऱ्हाईन-रूर परिसरात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. बॅडमिंटनच्या मिश्र सांघिक प्रकारात भारताने कांस्यपदक मिळविले. वास्तविक ही वार्ता आनंदाने सांगावी अशी. परंतु तिच्यासोबत आलेल्या दुसऱ्या वार्तेने मान खाली घालायला लावली. भारतातून बारा खेळाडूंचा बॅडमिंटन संघ गेला होता. त्यांपैकी सहा जणांना कोर्टवर उतरताच आले नाही. कोणी जायबंदी नव्हते, कोणी नियमाने अपात्र नव्हते. संघव्यवस्थापकांच्या बैठकीत सर्व खेळाडूंची नावे सादर करावयाची असतात. तेथे सहाच नावे गेली. खेळाडूंनी आपली कैफियत जाहीरपणे मांडली, तेव्हा कुठे देशाला हे कळले. पुढे भारतीय विद्यापीठ महासंघाने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला निलंबित केले आणि चौकशी समिती नेमली.

हा प्रकार एका बैठकीतील विसरभोळेपणा म्हणून सोडून देता येईल काय? कारभाराची ही रीत कशी पडली हे समजून घ्यायचे तर जर्मनीतून थेट वर्ध्यालगतच्या नालवाडीत यावे लागेल.

नालवाडी हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते विनोबांमुळे. १९३८ मध्ये पवनारला जाण्यापूर्वी विनोबा येथे राहिले. केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथेच केला. चर्मालयाचा उद्योगही या गावात उभा राहिला. शरीरश्रमाला विद्येच्या बरोबरीचे स्थान देऊ पाहणारी वर्धा शिक्षण योजना १९३७ मध्ये याच परिसरात आकाराला आली. आज हे गाव वर्धा शहराला जवळजवळ लागलेले आहे आणि येथील मुले-मुली शहरातील महाविद्यालयांत शिकतात. त्यांतील एखादी मुलगी उत्तम कबड्डी खेळते असे मानू. तिचा पुढचा मार्ग कसा असतो?

प्रथम महाविद्यालयाचा संघ. मग राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तेथे निवड झाली की विद्यापीठाचा संघ आणि पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा; ती राजस्थानात असेल, गुजरातेत असेल. विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तेथे वरचा क्रमांक लागला, तर २०२० पासून सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धांचे दार उघडते. शिडी कागदावर सुरेख आहे. प्रत्यक्षात हिवाळ्यातील सत्र परीक्षा आणि विभागीय सामने यांच्या तारखा एकमेकींवर आदळतात. यजमान विद्यापीठ ठरते उशिरा, त्यामुळे रेल्वेचे आरक्षण मिळत नाही. रात्रभर अवघडून प्रवास केलेला संघ सकाळी मैदानात उतरतो आणि दुपारी पराभूत होऊन परततो. सराव शिबिर म्हणावे तर ते आठ-दहा दिवसांचे. क्रीडा संचालकाचे पद रिक्त असले, तर तेही नाही.

ही सारी शिडी ज्यांच्या हाती आहे तो भारतीय विद्यापीठ महासंघ म्हणजे मुळात १९२५ मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठ मंडळ. विद्यापीठांतील समन्वय, पदव्यांची समकक्षता, कुलगुरूंचे विचारविनिमय हे त्याचे मुख्य कार्य. ते कार्य महत्त्वाचे आहे याविषयी दुमत नाही. परंतु क्रीडा हा त्याच्या अनेक विभागांपैकी एक विभाग आहे. देशभरातील स्पर्धा ठरविणे, यजमान नेमणे, पात्रता तपासणे, जागतिक स्पर्धेसाठी संघ निवडणे आणि तो घेऊन जाणे, हा सगळा व्याप या एका विभागाने सांभाळायचा! अधिकार केंद्रात एकवटलेला, खर्च आणि राबणे विद्यापीठांकडे, आणि खेळाडूला बोलायला जागा कोठेच नाही, अशी ही रचना आहे.

यावर असे म्हटले जाईल की, मग पदके कशी येतात? २०२३ मध्ये चीनमधील चेंगदू येथे भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळविली. १९५९ पासूनच्या सर्व स्पर्धांत मिळून त्याआधी इतकी पदके नव्हती. हे यश निर्विवाद आहे. मात्र ती सुवर्णपदके नेमबाजी आणि तिरंदाजीतून आली. हे नेमबाज आणि तिरंदाज घडतात ते राष्ट्रीय महासंघांच्या शिबिरांत, खाजगी प्रबोधिनींत, आईवडिलांच्या पैशांवर. ऱ्हाईन-रूरमध्ये महाराष्ट्राच्या साहिल जाधवने तिरंदाजीत सुवर्ण आणि पुण्याच्या वैष्णवी आडकरने टेनिसच्या महिला एकेरीत कांस्य मिळविले. टेनिसमध्ये असे पदक भारताला त्यापूर्वी १९७९ मध्ये नंदन बाळ यांनी मिळवून दिले होते. मधल्या शेहेचाळीस वर्षांत महाविद्यालयांतून टेनिस खेळणाऱ्यांची वाण नव्हती. विद्यापीठाने नाव नोंदवायचे आणि खेळाडू बाहेर घडायचा, अशी विभागणी रूढ झाली, हे त्यामागचे एक कारण आहे.

ज्या खेळांत विद्यापीठे खरोखर खेळाडू घडवितात, ते आपले कबड्डी आणि खो-खो, जागतिक विद्यापीठ स्पर्धेच्या कार्यक्रमातच नाहीत. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, त्यांत कबड्डीही होती. विदर्भातील एका संस्थेने पारतंत्र्यात स्वतःच्या हिमतीवर जे केले, त्याचा पाठपुरावा स्वतंत्र देशातील शेकडो विद्यापीठांच्या महासंघाने करावा ही अपेक्षा अवास्तव नाही.

सुव्यवस्था अशक्य आहे असेही नाही. सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मिळणारा मौलाना अबुल कलाम आझाद चषक अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा पटकावला आहे. पंजाबातील विद्यापीठांनी खेळाडूला प्रवेशापासून वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक दिले. त्याचे हे फळ. महाराष्ट्रही अगदीच मागे नाही. २०२० मधील पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने १७ सुवर्णपदके मिळविली. विजेत्या पंजाब विद्यापीठाचीही सुवर्णे तेवढीच होती, क्रम ठरला तो रौप्यपदकांवर. राज्यात ‘अश्वमेध’सारखी आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे. पण पुण्याला जे जमते ते वर्ध्याच्या महाविद्यालयापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर कुलगुरूंनी द्यायला हवे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना स्थान देणे, खेळाडूंची समिती नेमणे त्यात बंधनकारक केले आहे. हेच तत्त्व विद्यापीठ क्रीडेला लावण्यास कोणाची हरकत असावी? निवडीचे निकष, निवडलेल्यांची नावे, प्रवेशिका सादर केल्याची तारीख, संघाबरोबर जाणारे अधिकारी आणि त्यांचे काम ही माहिती वेळीच जाहीर झाली, तर बारापैकी सहा नावे गळण्याचा प्रकार विमान सुटण्यापूर्वीच लक्षात येईल. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वेळापत्रक जूनमध्ये निघाले, तर परीक्षा मंडळांनाही तारखा जुळवता येतील. यासाठी फार निधी लागत नाही. आणि या चौकशीचा अहवाल महासंघाने खेळाडूंच्या हाती द्यावा, दप्तरात ठेवू नये.

जागतिक विद्यापीठ स्पर्धा दोन वर्षांतून एकदा येते आणि तिची वयोमर्यादा पंचविशीची आहे. पुढची स्पर्धा २०२७ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगचेआंग परिसरात व्हायची आहे. जर्मनीत बाकावर बसून राहिलेल्या त्या सहा जणांपैकी ज्यांचे वय तोवर उलटेल, त्यांना ती प्रेक्षकांतून पाहावी लागेल.