आजीच्या मांडीवरचे परके मूल

ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर, तुर्कस्तानचा किनारा समोर दिसावा इतक्या अंतरावर, स्काला सिकामिआस नावाचे कोळ्यांचे छोटे गाव आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे टिपलेले एक छायाचित्र जगभर गाजले. वयाची ८० वर्षे ओलांडलेल्या तीन आजीबाई बाकावर बसल्या आहेत. त्यांपैकी एमिलिया कामव्हिसी यांच्या मांडीवर, सीरियातून होडीने आलेल्या एका निर्वासित स्त्रीचे तान्हे मूल आहे आणि त्या त्याला बाटलीने दूध पाजत आहेत. नोबेल शांतता पुरस्काराच्या २०१६ सालच्या नामांकनांत त्यांचे नाव होते.

भाषा, धर्म व देश यांपैकी काहीही समान नसलेल्या दोन स्त्रियांमधील ही जवळीक हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु तिला माणुसकीचा चमत्कार म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. एमिलियाबाईंची आईच आशिया मायनरमधून परागंदा होऊन या किनाऱ्याला लागली होती. गावातील अनेक घरांचा इतिहास असाच आहे. समुद्राने भिजलेली बाई दारात उभी राहिली, तेव्हा आजींना परकी स्त्री दिसण्यापूर्वी आपली आई दिसली असली पाहिजे.

तथापि केवळ स्मृतीच्या बळावर माणूस उदार होत नाही. देण्यासाठी हाती काही असावे लागते. १९२२ चा ग्रीकांचा पराभव आणि १९२३ चा लोझानचा करार यांमुळे सुमारे ५० लाख वस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख निर्वासित आले. त्यांचे स्वागत गोड झाले नाही; 'तुर्कांचे बियाणे' म्हणून त्यांना हिणवले गेले. परंतु राष्ट्रसंघाच्या साहाय्याने पुनर्वसन आयोग स्थापन झाला, आंतरराष्ट्रीय कर्ज उभारण्यात आले आणि लक्षावधी कुटुंबांना जमीन, घर, अवजारे मिळाली. काल ज्यांना ओझे मानले, ते एका पिढीत शेतकरी, कोळी, कारागीर म्हणून उभे राहिले. अर्थशास्त्राच्या भाषेत ही गुंतवणूक होती. आणि तिचे एक फळ, कोणत्याही ताळेबंदात न दिसणारे, २०१५ साली त्या बाकावर दिसले.

त्या वर्षी ग्रीसची स्थिती काय होती? बँका काही आठवडे बंद होत्या, खातेदाराला दिवसाला ६० युरोंहून अधिक काढता येत नव्हते, दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. अशा देशात वर्षभरात साडेआठ लाखांवर माणसे समुद्रमार्गे उतरली. त्यांतील निम्म्याहून अधिक सुमारे ८५ हजार वस्तीच्या लेस्बॉसवर. म्हाताऱ्यांनी दूध पाजले, कोळ्यांनी बुडणाऱ्यांना ओढून काढले. संपन्न युरोपने मात्र कौतुकाचे शब्द धाडले आणि सरहद्दी बंद केल्या.

मार्च २०१६ च्या युरोप-तुर्कस्तान समझोत्यानंतर नवागत बेटावरच अडकून पडले. सुमारे ३ हजारांच्या सोयीच्या मोरिया छावणीत २०२० च्या आरंभी २० हजारांच्या आसपास लोक कोंबले गेले; सप्टेंबरात ती छावणी जळून खाक झाली. त्याच वर्षी नव्या छावण्यांविरुद्ध बेटवासी पोलिसांशी झुंजले. पाच वर्षांत या लोकांची अंतःकरणे आटली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. साऱ्या खंडाचा भार एका बेटाच्या शिरावर टाकला, की सहानुभूतीचीही दमछाक होते.

म्हणून आजीबाईंचा गौरव करताना त्यांच्यावर आपली जबाबदारी ढकलण्याचा मोह टाळला पाहिजे. बाटलीभर दूध आजी देऊ शकते; कायदेशीर हक्क, काम आणि निवारा देणे हे शासनाचेच कर्तव्य आहे. १९२३ साली गरीब ग्रीसला जे साधले, ते श्रीमंत युरोपला न परवडणारे म्हणता येणार नाही. आज छावणीत कुजविलेली पिढी उद्या कोणाला दूध पाजणार, याचा हिशेब आजच मांडला पाहिजे.