गाडीची हवा आणि चाकातली हवा

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात का? भंगारातलं सामान जमवून, साधारण ६० हजार रुपयांत त्यांनी मुलाच्या हौसेसाठी छोटी जीप बनवली. किक मारून सुरू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ ट्विटरवर टाकला, ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या बंद पाडतील असंही लिहिलं, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाला मिळालीसुद्धा.

कौतुक आहेच, त्यात वाद नाही. पण एक गंमत बघा. खर्च किती आला, सुरू कशी होते, पळते किती, हे सगळं लोकांनी विचारलं. ती वळते कशी आणि चाकांत हवा किती ठेवलीय, हे कुणी विचारल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. लोहारांकडे याचं उत्तर नक्की असणार. ज्यानं गाडी चालती केली त्याला ते शोधावंच लागतं. प्रश्न आपला आहे. आपल्याला गाडीची हवा करायला आवडते, चाकातली हवा बघायला नाही.

माझं मत थोडक्यात असं: घरी बनवलेली गाडी वेल्डिंग संपतं तेव्हा निम्मीच झालेली असते. उरलेली निम्मी सेटिंगमध्ये बनते, आणि त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतात ते दिवस. आणि दिवसच कुणी शिल्लक ठेवत नाही.

कराड-सांगलीकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांमध्ये गो-कार्टचं वेड चांगलंच आहे. शेजारी कोल्हापूरला मोहितेंचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात, त्यामुळे वेड लागायला कारणही आहे. पण कॉलेजच्या कार्टचं वेळापत्रक साधारण ठरलेलं. चार महिने डिझाइन, दोन महिने पाइप वाकवणं, स्पर्धेच्या आदल्या रात्री रंग, आणि पहाटे टेम्पो. म्हणजे गाडी पहिल्यांदा नीट पळते ती थेट परीक्षकांसमोर! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग डायरेक्ट प्रॉडक्शनवर :-)

आता तुम्ही म्हणाल, कार्टला ना सस्पेन्शन, ना गिअरबॉक्सची भानगड, त्यात सेट काय करायचं? तर मंडळी, सस्पेन्शन नाही म्हणूनच सेटिंग जास्त लागतं.

कार्टच्या मागच्या दोन्ही चाकांमध्ये एकच सलग अॅक्सल असतो, डिफरन्शियल नसतो. वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त, पण दोघं एकाच वेगानं फिरतात. मग आतलं चाक घासतं आणि गाडी नाक सरळ ठेवून पुढेच जाते. यावर उपाय एकच: वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं पाहिजे. ते काम पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन करतो. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवला की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो, बाकीचे दोन हलके होतात ना? अगदी तेच. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि आतलं मागचं हलकं होतं. म्हणून चासी थोडी पिळली जायला हवी. 'मजबूत पाहिजे' म्हणून जाड पाइपांचं जाळं वेल्ड करणारे नेमका हाच गुण घालवून बसतात.

दुसरी गोष्ट वजन. कार्टमध्ये साधारण ४० टक्के भार पुढे आणि ६० टक्के मागे, इथून सुरुवात करतात. सगळ्यात जड पार्ट म्हणजे ड्रायव्हर, त्यामुळे सीट दोन इंच पुढे-मागे केली तरी गाडीचा स्वभाव बदलतो. घरात वापरायचे चार वजनकाटे सपाट जमिनीवर ठेवा, प्रत्येकावर एक चाक, ड्रायव्हरला बसवा आणि आकडे लिहा. आपल्या भागात हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागू नये. कारखान्याला ऊस नेणारा कुठलाही गाडीवान मोळ्या रचताना हाच हिशोब करतो. मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर येतो. त्याला टक्के माहीत नसतील, पण तो निघण्याआधी बघतो. आपण स्पर्धा हरल्यावर बघतो.

आणि आता हवा. रेसिंग कार्टचे टायर थंड असताना बहुधा १० ते १५ पीएसआयच्या आसपास ठेवतात. आपला पंक्चरवाला मात्र सवयीनं बाइकसारखे ३० भरून देतो. जास्त हवेनं टायरचा फक्त मधला पट्टा टेकतो आणि गाडी उड्या मारते. फार कमी ठेवली तर टायरची बाजू दुमडते, स्टिअरिंग सुस्त होतं आणि जोरात वळताना टायर रिमवरून सुटूही शकतो. स्कूटरचे टायर लावले असतील तर आणखी एक गोष्ट. ते गोलसर असतात कारण स्कूटर वळताना झुकते. कार्ट झुकत नाही, म्हणजे रबर असूनही टेकतं थोडंच.

शिवाय हवा दिवसभर एकसारखी राहत नाही. साताऱ्यात हिवाळ्याच्या सकाळी १५ अंशांना १२ पीएसआय भरली आणि तीच गाडी मे महिन्यात सांगलीत ४० अंशांना काढली, तर एक फेरीही न मारता गेज १४ च्या वर दाखवेल. पळून टायर तापले की आणखी वर. म्हणून 'किती भरली' याला अर्थ नाही. किती तापमानाला भरली आणि पळून आल्यावर किती झाली, हे दोन्ही लिहायचं.

तपासायचं कसं? टायरवर खडूनं आडवी रेघ मारा, थोडं पळवा, रेघ बघा. मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. मग मोकळ्या, बंदिस्त मैदानावर परवानगी घेऊन, हेल्मेट घालून, ८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि एका फेरीचा वेळ मोजा. ७ सेकंद लागले तर टायर साधारण ०.६६ जी इतकी पकड देतायत. साडेसहा लागले तर ०.७६. वेग ताशी २६-२८ किलोमीटरच, पण गाडी खरं बोलायला लागते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, ड्रायव्हर तोच ठेवायचा, आणि वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

यावर एक आक्षेप असतो: पोरांकडे पैसे नसतात, वरून हे कुठे? अहो, खडू, दोरी, वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच यांना किती पैसे लागतात? साधा गेज तर पॉवडर कोटिंगच्या बिलात शोधूनही सापडणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. रंगाचा फोटो काढता येतो, वहीचा निघत नाही. मार्कही बहुतेक रिपोर्टच्या जाडीला मिळतात.

आणि हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. बाइकचं इंजिन लावलेली कार्ट सहज ताशी ५० च्या वर जाते. त्यावर एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं बसलेलं असतं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मागचं चाक अचानक सुटलं तर त्याला सावरायला सेकंदही मिळत नाही. त्या सेकंदाची तयारी आदल्या महिन्यात, मैदानावरच होते.

म्हणून कॉलेजांनी एवढंच करावं: स्पर्धेच्या महिनाभर आधी गाडी पूर्ण झालीच पाहिजे असा नियम करावा आणि सेटिंगच्या वहीला स्वतंत्र मार्क ठेवावेत. आणि पुढच्या वेळी आपल्या भागात कुणी भंगारातून गाडी बनवली, तर सेल्फी काढून झाल्यावर त्या माणसाला विचारा, "दादा, हवा किती ठेवता?" बघा मग तो किती वेळ बोलतो ते.