विश्लेषण : न वापरलेले क्रेडिट कार्ड ठेवावे की बंद करावे?

वारज्याच्या पॉप्युलरनगर किंवा अतुलनगरमधले एखादे नोकरदार घर डोळ्यासमोर आणा. महामार्गाने हिंजवडी गाठणारी दोन माणसे आणि कपाटाच्या खणात चार क्रेडिट कार्डे. एक पहिल्या नोकरीच्या पगार खात्याबरोबर आलेले, एक सेलमधल्या सवलतीसाठी काढलेले, एक मॉलमध्ये ‘आयुष्यभर मोफत’ म्हणून गळ्यात पडलेले. चौथे सिटी बँकेचे होते. त्या बँकेचा भारतातील ग्राहक व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अ‍ॅक्सिस बँकेकडे गेला आणि कार्डाचे नावच बदलले. देशातील कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीला दहा कोटींवर गेली, त्यात अशी खणातली कार्डेही आली. मोठ्या फ्लॅटसाठी गृहकर्ज काढायची वेळ आली की प्रश्न पडतो, यांचे करायचे काय?

नुसते पडून राहू दिले तर?

अनेकांना वाटते, वापरत नाही म्हणजे त्रास नाही. पण १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँक ग्राहकाला कळवून सुरू करते. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर थकबाकी नसलेले कार्ड बंद होते. ही सूचना जाते नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर, आणि जुन्या कार्डावर बऱ्याचदा जुन्या कंपनीचाच ईमेल असतो! कार्ड टिकवायचे असेल तर अधूनमधून त्यावर पेट्रोल भरावे किंवा वीजबिल द्यावे आणि रक्कम वेळेत चुकती करावी.

बंद केल्याने स्कोअर घसरतो का?

घसरू शकतो, पण त्याचे कारण बहुतेकांना वाटते ते नसते. बंद झालेल्या कार्डाचा इतिहास अहवालातून लगेच पुसला जात नाही, पतमाहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षे जपाव्या लागतात. खरा फटका मर्यादेच्या वापराला बसतो. समजा, तीन कार्डांच्या मर्यादा दोन लाख, एक लाख आणि ५० हजार आहेत, म्हणजे एकूण साडेतीन लाख. महिन्याचा खर्च ७० हजार असेल तर वापर २० टक्के. पडून असलेले दोन लाखांचे कार्ड बंद केले, की तोच खर्च दीड लाखातून होतो आणि वापर जातो ४७ टक्क्यांच्या आसपास. तो ३० टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. घरखर्च एका रुपयानेही वाढलेला नसतो, तरी कर्ज देणाऱ्याला ग्राहक ओढाताणीत दिसतो. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर पाहून ठरवतात. त्यामुळे कर्जाचा अर्ज सहा महिन्यांवर आला असेल, तर मोठ्या मर्यादेचे मोफत कार्ड आत्ता बंद करू नये, हे आमचे मत.

मग कोणते बंद करावे?

वार्षिक शुल्क घेणारे आणि त्या बदल्यात काही न देणारे. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एक हजाराचे ११८० रुपये होतात. विमानतळावरील लाउंजचे आकर्षणही आटले आहे. एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली, आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजारांची. क्वचित वापरल्या जाणाऱ्या कार्डाला ही सोय मिळणारच नाही. मात्र कार्ड सर्वात जुने आणि मोठ्या मर्यादेचे असेल, तर बंद करण्याआधी ते मोफत प्रकारात बदलून मागावे. विचारायला काही लागत नाही.

ठेवलेल्या मोफत कार्डाचा धोका फसवणुकीचा. न वापरलेल्या कार्डाचे संदेश कोण वाचतो? अ‍ॅपमधून ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी.

बंद करताना बँकेने टाळाटाळ केली तर?

थकबाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज टपालानेच पाठवा, असा आग्रह बँक धरू शकत नाही. हेल्पलाइन, ईमेल, अ‍ॅप हे मार्ग खुले हवेत. हेल्पलाइनवरून ‘शुल्क माफ करतो, कार्ड ठेवा’ असा प्रस्ताव येईल. माफी याच वर्षापुरती की कायमची, एवढे विचारून लेखी घ्यावे.

अर्जाआधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाकावेत, ओटीटी किंवा विम्याचे आपोआप जाणारे हप्ते दुसऱ्या कार्डावर वळवावेत. पाच-पन्नास रुपयांची बाकीही प्रक्रिया अडवते. तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. जानेवारी २०२५ पासून पतमाहिती दर पंधरवड्याला अद्ययावत होऊ लागली. त्यामुळे महिनाभराने वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल काढून खाते ‘बंद’ दिसते का, बाकी शून्य आहे का, ते पाहावे.