सातासमुद्रापलीकडचे बिऱ्हाड

गोमंतकातील वाड्यावाड्यांवर आज अशी घरे दिसतात, की ज्यांच्या दारांवरचे कुलूप केवळ चवथीच्या चार दिवसांपुरते निघते; अलीकडे तर काहींचे तेवढ्यापुरतेही निघेनासे झाले आहे. घरातील तरुण जोडपे चिल्यापिल्यांसह विलायतेस गेलेले असते आणि मागची म्हातारी माणसे भावाकडे किंवा लेकीकडे राहावयास गेलेली असतात. या स्थलांतराविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, परंतु ते दोनच सुरांत. एक सूर कौतुकाचा व थोडासा हेव्याचा: अमक्याचे नशीब उघडले. दुसरा सूर धिक्काराचा: अमक्याने चार पौंडांसाठी देश सोडला. हे कुटुंब तिकडे उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपासून कसे जगते, याची चौकशी या दोहोंपैकी कोणीच करीत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

या स्थलांतराची पार्श्वभूमी बहुतेकांस ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांस पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो आणि तो हक्क त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत पोहोचतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्माची नोंद झाली, की पोर्तुगीज पारपत्राचा मार्ग मोकळा होतो. आणि पोर्तुगाल युरोपीय संघाचा सदस्य असल्यामुळे त्याच पारपत्रावर ब्रिटनमध्ये राहण्याची व काम करण्याची मुभा असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ते दार बंद झाले. तत्पूर्वी तेथे वास्तव्य असलेल्यांनी अर्ज करून राहण्याचा दर्जा मिळवला. त्यानंतर जाणाऱ्यांस ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो. मोकळीक उरली आहे ती आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी किंवा खुद्द पोर्तुगाल अशा देशांत. लंडनच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरचे स्विंडन हे एके काळचे रेल्वे कारखान्याचे गाव आपल्या घरोघरी ठाऊक झाले, ते त्या मोकळ्या दाराच्या काळात. तेथील गोमंतकीयांत ख्रिस्ती बांधवांचा भरणा मोठा. तथापि हिंदू कुटुंबेही आहेत, आणि त्यांची मुले आता तेथील शाळांतून वाढत आहेत.

गोमंतकीयास घर सोडणे नवे नाही. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका, आखाती देश असा त्याचा प्रवास पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हिंदू समाजाचा ओढा विशेषेकरून मुंबईकडे होता. १९१९ साली तेथे स्थापन झालेली गोवा हिंदू असोसिएशन ही त्याची साक्ष. पण त्या काळी स्थलांतराची एक रीत होती. पुरुष प्रथम एकटा जाई, चौघांच्या खोलीत पथारी पसरी, नोकरी पक्की झाल्यावर बिऱ्हाड थाटी आणि मग बायकोस नेई. बाळंतपण माहेरी होई, आणि सुट्टी लागताच मुले आजोळी येत. अडीअडचणीस गावचा माणूस चार पावलांवर असे. आजचे जोडपे पोटच्या मुलासह एकदमच परक्या मुलखात उतरते. आणि संसार चालण्यासाठी जी दहा माणसे आजूबाजूस लागतात, त्यांपैकी एकही सोबत नसते.

पहिली गाठ पडते ती घराशी. इंग्लंडमध्ये घरमालकास भाडेकरूच्या वास्तव्याच्या हक्काची कागदपत्रे तपासावी लागतात. साधारण भाड्याच्या घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, आणि घेतलेली अनामत तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. २०१९ च्या कायद्याने भाडेकरूकडून दलाली उकळण्यासही बंदी घातली आहे. ही माहिती ज्यास नाही तो कोणा ‘आपल्याच’ माणसाच्या हाती पैसे मोजतो, पावती घेत नाही, आणि एका खोलीत तीन जीव कोंबून राहतो. मग लहानसहान गोष्टी अंगावर येतात. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. ओले कपडे घरातच वाळत घालावे लागतात, खिडकी थंडीमुळे बंद, आणि महिन्याभरात भिंतीस काळी बुरशी धरते. डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास दिवस मावळतो. अंगणात, पडवीत, झाडाखाली वाढलेल्या मुलास हा अंधार समजत नाही. आणि आईला तो समजूनही सोसत नाही.

दुसरी गाठ घड्याळाशी. काम मिळते ते बहुधा गोदामात, कारखान्यात, उपाहारगृहात किंवा वृद्धांच्या शुश्रूषेचे. एकवीस वर्षांवरील कामगारास द्यावयाचे किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी १२.२१ पौंड होते. येथे बसून त्याचे रुपये केले की डोळे दिपतात; परंतु पौंडांत मिळवलेले पौंडांतच खर्च होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते. भाडे, नगरपालिकेचा घरकर, वीज, गॅस आणि बस एवढे भागवण्यासाठी दोघांनाही काम करावे लागते. मूल सांभाळावयास कोणी नाही, म्हणून एकाने दिवसपाळी व दुसऱ्याने रात्रपाळी पत्करायची. नवरा-बायकोची भेट जिन्यावर, किल्ली हातात देण्यापुरती. ज्या मुलाच्या भवितव्यासाठी देश सोडला, त्याला आईबाप एकत्र दिसतात ते केवळ रविवारी. या ओढाताणीतून वाट काढणारी व्यवस्था तेथे आहे. आईबाप दोघेही ठरावीक मिळकतीचे काम करीत असतील, तर नऊ महिन्यांवरील मुलांस सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या सत्रांत आठवड्यास तीस तास सांभाळण्याची सोय सरकारी खर्चाने मिळते. मात्र ती आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करण्यासाठी ती आहे हे आधी कळावे लागते.

तिसरी गाठ दवाखान्याची व शाळेची. वस्तीतील डॉक्टरकडे नाव नोंदवणे विनामूल्य आहे. पण त्याच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाकडे जाता येत नाही, आणि औषधाच्या दुकानात जाऊन आपल्या मनाने प्रतिजैविके आणता येत नाहीत. मुलास ताप आला असता ‘पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, दोन दिवस वाट पाहा’ असे सांगितले, की आपल्या आईच्या पोटात गोळा उठतो. बाळंतिणीच्या घरी आरोग्यसेविका तपासणीस येते, तेव्हा सरकारचा माणूस कशाला आला म्हणून घर धास्तावते. वास्तविक त्या घरी सुईण-आजीच्या जागी आलेली तीच एक असते. शाळेचे तर विचारूच नका. चार वर्षे पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात मूल शाळेत जाते, आणि त्यासाठीचा अर्ज त्याच वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत द्यावा लागतो. सत्र चालू असता विनापरवाना पाच दिवस शाळा बुडाली, तर प्रत्येक पालकास प्रत्येक मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो आणि एकवीस दिवसांत न भरल्यास तो १६० होतो. २०२४ साली चवथ ७ सप्टेंबरास होती, म्हणजे तेथील शाळा नुकत्या उघडल्या होत्या. सून-नातू चवथीस का आले नाहीत म्हणून येथे रुसून बसलेल्या आजी-आजोबांनी हा हिशेब एकदा समजून घ्यावा. तेथे माटोळी बांधायला रानफळे नसतात, विसर्जनाला नदी नसते. तरीही पाटावर गणपती बसवून, बादलीत त्याचे विसर्जन करून, दुसऱ्या दिवशी पहाटे पाळीवर जाणाऱ्या पोरास बेइमान म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.

या सर्वांत अधिक भार पडतो तो घरच्या सुनेवर. नवरा कामावर चार माणसांत मिसळतो. तिला मात्र इंग्रजी वाचता येते, बोलताना जीभ अडते. येथे शाळेत शिकवणारी वा बँकेत काम करणारी मुलगी तेथे खोकी भरते, आणि ते गावी कळू नये म्हणून फोनवर हसत बोलते. हे हसणे खरे मानून आपण तिच्याकडे पैशांची व भेटवस्तूंची यादी पाठवतो. बिऱ्हाड मोडते ते अशा न बोललेल्या दुःखाने.

आणि मूल? ते सर्वांत लवकर रुळते; सहा महिन्यांत आईची इंग्रजी सुधारू लागते. पण त्याच वेगाने त्याच्या तोंडची घरातील कोंकणी आणि देवघरातील आरत्यांची मराठी ओसरू लागते. भाषा गेली की आजी गेली, हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही; आजीशी बोलण्याचे साधनच जाते. उपाय सोपा आहे. मूल तेथे साडेतीनच्या सुमारास शाळेतून येते, तेव्हा येथे हिवाळ्यात रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात आठ वाजलेले असतात. आजीने निजण्यापूर्वीचा तो अर्धा तास रोज नातवंडास द्यावा, गोष्ट सांगावी, पाढे म्हणून घ्यावेत. जे काम कोणतीही सरकारी योजना करू शकत नाही, ते या अर्ध्या तासात होईल.

याहून गंभीर एक बाब आहे, आणि ती निघण्यापूर्वीच उमगावयास हवी. आपले संविधान दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. मागाहून ओसीआय पत्र मिळाले, तरी त्याने मताचा अधिकार परत येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परिणामी एकाच पंक्तीस बसणाऱ्या कुटुंबात बाप पोर्तुगीज, आई भारतीय आणि आईबापांपैकी एकास तेथील कायम वास्तव्य मिळाल्यावर जन्मलेले धाकटे मूल जन्मतःच ब्रिटिश, असा प्रकार संभवतो. सुखाच्या दिवसांत याने काही बिघडत नाही. परंतु दुखणे, मृत्यू, घटस्फोट वा वारसा असा प्रसंग आला, की कोणाला कोणत्या देशात किती दिवस राहता येईल, हा प्रश्न रक्ताच्या नात्याहून मोठा ठरतो. दलाल ही गोष्ट सांगत नाही. त्याचे काम पारपत्र हाती येताच संपते. कुटुंबाचे तेथून सुरू होते.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की जाणाऱ्यांस अडवण्याचा किंवा हिणवण्याचा उद्योग सोडून त्यांची तयारी करून देण्याचे काम समाजाने व शासनाने अंगावर घ्यावे. हे अशक्य नाही. फिलिपाइन्सने परदेशी वास्तव्यास जाणाऱ्यांसाठी १९८० सालापासून स्वतंत्र आयोग चालवला असून प्रस्थानापूर्वीचे मार्गदर्शनवर्ग तेथे सक्तीचे आहेत. केरळने १९९६ साली अनिवासी केरळीयांसाठी वेगळे खाते काढले. तेथेही असे वर्ग भरतात. गोव्यातही अनिवासी भारतीयांचे काम पाहणारी सरकारी कचेरी आहे. परंतु पारपत्र बदललेला गोमंतकीय ‘अनिवासी भारतीय’ या व्याख्येतूनच निसटतो, मग त्याची विचारपूस करणार कोण? जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचा वर्ग, त्यात नवरा-बायको दोघांची उपस्थिती, भाडेकरार, डॉक्टर, शाळा, वेतन, नागरिकत्व यांची मराठी-कोंकणीतून छापलेली पुस्तिका, आणि चार वर्षे तेथे काढून आलेल्या एखाद्या गृहिणीचे अनुभवकथन, एवढ्याने अर्धी फसवणूक टळेल. तेथे स्थिरावलेल्यांवरही एक कर्तव्य येते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे; आपल्या माणसांनीही सणावारांच्या जेवणावळींपलीकडे जाऊन नव्याने आलेल्या कुटुंबास पहिले तीन महिने हात देण्याची व्रतस्थ रीत पाडावी. मुंबईस गेलेल्या आपल्या आजोबांनी हेच केले होते.

देश सोडावा की सोडू नये, हा ज्याचा त्याचा निर्णय. गोव्यात तरुणांस मनाजोगे काम मिळाले असते, तर त्यांपैकी कित्येकांनी तो घेतला नसता, हेही राज्यकर्त्यांनी विसरू नये. पण ज्यांनी तो घेतला, ते आपलेच आहेत. ‘किती पाठवतोस?’ या प्रश्नाऐवजी ‘कसे चालले आहे?’ असे आपण त्यांस विचारू लागलो, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकण्याचा धीर धरला, तरी परमुलखात एकाकी पडलेल्या त्या बिऱ्हाडास पुष्कळ आधार मिळेल.