दुधाचा पुष्टकाळ आणि निर्यातीचा भरवसा

पावसाळ्यानंतर हिरवा चारा मुबलक होतो, म्हशी विऊन दुधावर येतात आणि हिवाळाभर संकलन केंद्रांवरील आवक वाढत जाते. चैत्र-वैशाखात तीच आवक ओसरते. दुग्धव्यवसायाच्या परिभाषेत यांना पुष्टकाळ आणि कृशकाळ म्हणतात. शहरातील मागणी मात्र बारमाही असते. किंबहुना उन्हाळ्यात दही-ताकामुळे ती वाढतेच. दूध नाशवंत असल्यामुळे या दोन ऋतूंमधील अंतर भरून काढणे हाच या व्यवसायाच्या अर्थकारणातील मूळ प्रश्न होय.

आपल्याकडे दूध भुकटीचा उद्योग याच प्रश्नातून वाढला. खेडा जिल्ह्यातील हिवाळ्याचे जादा दूध मुंबई दूध योजनेला पेलेना, म्हणून आणंद येथे १९५५ साली म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. एका ऋतूतील दूध दुसऱ्या ऋतूपर्यंत पोचविणे, हे भुकटीचे प्रयोजन होते. आज मात्र साठा वाढला की निर्यातीचा धावा सुरू होतो.

ज्या बाजारावर ही भिस्त ठेवली जाते त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. न्यूझीलंड आपल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के परदेशी विकतो. तेथील उत्पादनाचा कळस ऑक्टोबरच्या सुमारास येतो. म्हणजे आपला पुष्टकाळ सुरू होतो, नेमका तेव्हाच. २०१३ मध्ये तेथे अवर्षण पडले, जागतिक दर भडकले आणि २०१३-१४ मध्ये भारताची भुकटी लाखाहून अधिक टन निर्यात झाली. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपीय दुग्धपदार्थांवर बंदी घातली, मार्च २०१५ अखेर युरोपातील उत्पादनावरील कोटा उठला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भुकटी टनाला दीड हजार डॉलरच्याही खाली गेली. या घडामोडींवर संगमनेरच्या वा इंदापूरच्या गोपालकाचा काडीचाही ताबा नव्हता.

त्यांचा भार मात्र त्याच्यावरच पडतो. एक लिटर गाईच्या दुधापासून सुमारे ८५ ते ९० ग्रॅम भुकटी मिळते. म्हणजे भुकटीचा दर किलोमागे १० रुपयांनी उतरला, की लिटरमागे ८५ ते ९० पैसे जातात. पेंडीचा भाव काही त्या प्रमाणात उतरत नाही.

शासकीय धोरणाने या अस्थिरतेत भरच घातली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये भुकटीच्या निर्यातीवर बंदी आली, ती जून २०१२ मध्ये उठली. २०१८ मध्ये दर कोसळले तेव्हा निर्यातीसाठी प्रोत्साहने जाहीर झाली. देशात टंचाई असताना दार बंद आणि परदेशात गिऱ्हाईक नसताना दार सताड उघडे, अशा विक्रेत्यावर कोणता कायमचा ग्राहक विसंबेल? जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध रस्त्यावर ओतले गेले, लिटरला ५ रुपये अनुदान देणे भाग पडले; जानेवारी २०२४ मध्ये तोच उपाय पुन्हा करावा लागला.

निर्यात करूच नये, असा याचा अर्थ नाही. ती शिलकीची वाट असावी, दराचा आधार नव्हे. आधार हवा तो राखीव साठ्याचा. पुष्टकाळात आगाऊ जाहीर केलेल्या दराने भुकटी खरेदी करावी आणि कृशकाळात ठरल्या नियमाने ती विकावी. विक्रीचा नियम महत्त्वाचा आहे. २०१५ नंतर युरोपने खरेदी केलेला साडेतीन लाख टनांहून अधिक साठा पुढे त्यांच्याच बाजारावर ओझे होऊन बसला. शिवाय असा साठा ऋतूंमधील चढउतार सावरील. कायमच्या अतिरिक्त उत्पादनावर तो औषध नव्हे. साठ्याचे व्याज आणि गोदामांचे भाडे यांचा बोजा तिजोरीवर पडेल हे खरे. परंतु आंदोलनानंतर घाईने दिलेले अनुदान तरी कोठे फुकट असते?

आणखी एक हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. दर पडल्यावर दोन गाईंचा धनी एक गाय विकतो. दर सुधारले तरी ती दावणीला लगेच परतत नाही. कालवड दुधावर येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात. हिवाळ्यातील मंदीने मोडलेला गोठा पुढच्या उन्हाळ्यात शहराला दूध देऊ शकत नाही, एवढे तरी धोरणकर्त्यांनी ध्यानी घ्यावे.